सुटायची तारीख

आईच्या बटणांच्या डब्यात माझ्या हातातली एक पट्टी आहे. हातात घालायची नव्हे. कोपर आणि मनगट यांच्या मधल्या हाडावर ती एक वर्ष आठ महिने बसून होती. रंगाने सोनेरी, सहा भोकांची, माझ्या मधल्या बोटाएवढी. एकोणिसाव्या वर्षी पावसात रंकाळ्याकडून येताना गाडी घसरली, डावा हात मोडला, प्लेट बसली. हाड जुळलं. पण थंडी पडली की ती जागा टोचायची, टेबलावर हात टेकला की कळ यायची, म्हणून प्लेट काढायचं ठरलं. हे दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा लांबलं. पाच स्क्रू सरळ फिरून आले. सहावा प्लेटच्या आट्यांत असा आवळून बसला होता की शेवटी त्याचं डोकं घासून काढून प्लेट सोडवावी लागली. दांडा हाडातच राहिला. अजून आहे. त्याचा त्रास काही नाही, पण कुठेही त्या हाताचा एक्स-रे निघाला की काढणारा हमखास विचारतो, "हे काय राहिलंय आत?"

घरी आणलेली प्लेट आईने आधी उकळली, मग कापसात गुंडाळली, आणि अशा वस्तूला घरात ठरलेली जागा नसते म्हणून बटणांच्या डब्यात टाकली. मला बघायला आलेल्या मामाने ती बाहेर काढली. मामाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात अ‍ॅनोडायझिंगचं छोटं शॉप आहे. चार टाक्या, एक रेक्टिफायर, आणि हार्ड क्रोमची एक टाकी जी त्याने कधीच बंद केली. त्याने चष्मा कपाळावर चढवला, प्लेट खिडकीशी नेऊन तिरकी केली, नखाने खरवडून पाहिली.

"ह्ये रंगवल्यालं न्हाई," तो म्हणाला. "ह्ये आमचंच काम हाय."

प्लेट टायटॅनियमची होती, आणि टायटॅनियमला रंग फासत नाहीत. विजेने त्याच्यावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढवतात, आणि थर किती जाड यावर प्रकाशातला कुठला रंग परत यायचा ते ठरतं. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात तसंच हे. व्होल्ट बदलला की सोनेरीचा जांभळा होतो, जांभळ्याचा निळा. हे सगळं मी पुढे कॉलेजात शिकले. त्या दिवशी एवढंच दिसलं की आपल्या धंद्यातली वस्तू भाचीच्या हाडाला लागली होती याचं मामाला फार अप्रूप वाटतंय. प्लेट कापसात परत गुंडाळताना तो म्हणाला, "पन्नास वर्सं ठेव डब्यात. कोटिंग हलायचं न्हाई."

कोटिंग हलायचं नाही. हे त्याच्या धंद्याचं ब्रीद. मी मेटलर्जी शिकले, एम.टेक. केलं आणि पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.ला लागले, तेव्हा हेच डोक्यात घेऊन गेले होते. विषय मिळाला तो शरीरात विरघळून जाणाऱ्या मॅग्नेशियमवरच्या कोटिंगचा. मला वाटलं, हे तर आपल्या घरचं.

मॅग्नेशियम शरीराला परकं नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ते साधारण २५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत. वजनाला हलकं, पाण्याच्या पावणेदोन पट घनतेचं. त्याहून मोठा गुण म्हणजे त्याची ताठरता. स्टीलची ताठरता २०० गिगापास्कलच्या घरात, टायटॅनियमच्या मिश्रधातूची ११० च्या आसपास, मॅग्नेशियमची ४५. हाड या सगळ्यांच्या खाली, पण मॅग्नेशियमच्या त्यातल्या त्यात जवळ. ताठ पट्टी सगळा भार स्वतः उचलते आणि शेजारचं हाड आळशी होतं. मॅग्नेशियमची पट्टी हाडाला काम करायला लावेल, हाड जुळेपर्यंत साथ देईल, मग विरघळून जाईल. काढायला दुसरं ऑपरेशन नको. माझा हात हे वाचताना आपोआप त्या राहिलेल्या दांड्यावर जायचा.

अडचण अशी की मॅग्नेशियमला दम नाही. पाण्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रॉक्साइडचा थर त्याला थोडा आडोसा देऊ शकला असता, पण रक्तात आणि शरीरद्रवात मीठ असतं, आणि मिठातला क्लोराइड तो थर विरघळवून टाकतो. एक ग्रॅम मॅग्नेशियम पुरतं विरघळलं तर साधारण एक लिटर हायड्रोजन निघतो. हळूहळू निघाला तर शरीर तो जिरवतं. घाईने निघाला तर कातडीखाली फुगे धरतात. म्हणून कोटिंग.

छोटे मॅग्नेशियमचे स्क्रू आता प्रत्यक्ष वापरात आहेत. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सिंटेलिक्स कंपनीच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. २०१६ मध्ये बायोट्रॉनिकच्या मॅग्मारिस या हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या मॅग्नेशियम स्टेंटला मिळाली. स्क्रूवर कोटिंग नाही, धातूच सुधारून घेतलाय. स्टेंटवर मात्र औषध धरून ठेवणाऱ्या, स्वतःही विरघळणाऱ्या प्लास्टिकचा थर आहे. स्टेंटच्या तारा इतक्या बारीक की तिथे आडोशाशिवाय भागत नाही. मी ज्या मिश्रधातूवर काम करत होते त्यात मॅग्नेशियमबरोबर थोडं जस्त आणि थोडं कॅल्शियम होतं, म्हणजे तिन्ही घटक अंगातलेच. नमुने एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचे, तीन मिलिमीटर जाडीचे. बिस्किटासारखे. लॅबमध्ये आम्ही त्यांना कूपन म्हणायचो.

कोटिंगची आमची पद्धत मायक्रो-आर्क. अ‍ॅनोडायझिंगचीच बहीण, पण तापट. स्टीलच्या भांड्यात सोडियम सिलिकेट आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी, भांड्याभोवती बर्फ, मधे तारेला टांगलेलं कूपन. व्होल्ट चढवत नेले की आधी नुसते बुडबुडे येतात. २०० च्या आसपास गेलं की कूपनच्या अंगावर बारीक पांढऱ्या ठिणग्या धावू लागतात, मुंग्या धावाव्यात तशा. थर जाड होत जातो तशा ठिणग्या मोठ्या, केशरी आणि थोड्या होतात, आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. दहा मिनिटांनी बाहेर काढलं की कूपन राखाडी-पांढरं, चिनी मातीसारखं खरखरीत. थराची जाडी केसाच्या एक चतुर्थांशही नाही. एसईएम या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर चंद्रावर उतरल्यासारखं वाटतं: जिथे जिथे ठिणगी फुटली तिथे विवर. ही विवरं म्हणजे भोकं, म्हणून वरून पीसीएल नावाच्या विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या द्रावणात बुडवून ती बुजवायची.

फ्लोराइडचाही एक मार्ग आहे. कडक हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये कूपन बुडवून ठेवलं की मॅग्नेशियम फ्लोराइडचा छान दाट थर येतो. त्या अ‍ॅसिडच्या कपाटावर कॅल्शियम ग्लुकोनेटची मलमाची ट्यूब दोरीने बांधलेली होती, अंगावर सांडलं तर चोळायला. ती ट्यूब बघूनच मी तो मार्ग दुसऱ्यांना सोडला.

मग परीक्षा. कूपन शरीरासारख्या द्रवात ठेवायचं. या द्रवाची कृती क्योटोच्या तादाशी कोकुबो यांनी १९९० च्या सुमारास दिली आणि ती जगभरच्या लॅबमध्ये स्वयंपाकाच्या वहीतल्या पाककृतीसारखी पाळली जाते. एका लिटरला ८.०३५ ग्रॅम मीठ, मग खाण्याचा सोडा, मग पोटॅशियम क्लोराइड, अशा क्रमाने. क्रम चुकला की सगळं दुधासारखं पांढरं होतं आणि दिवस वाया जातो. भांडं काचेचं नको, प्लास्टिकचं हवं. शेवटी ३६.५ अंशांना पीएच बरोबर ७.४० वर आणायचा. मला पहिला स्वच्छ द्रव जमायला चार प्रयत्न लागले. आई म्हणाली, पुरणाच्या कटाचं प्रमाण तुला अजून जमत नाही, हे कसं जमेल?

द्रवात कूपन, कूपनवर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर द्रवाने भरलेलं उलटं ब्युरेट. सुटलेला हायड्रोजन ब्युरेटच्या टोकाशी जमतो आणि पातळी खाली सरकते. सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहायचा. इतकं साधं. तरी पुण्यात गुरुवारी लाइट जायची, पाण्याची टाकी ३७ वरून उतरायची, आणि त्या दिवसाचा आकडा गंगेला मिळायचा. माझ्या वहीत गुरुवारांवर पेन्सिलीची फुली आहे.

पहिले सात-आठ महिने काहीच धड झालं नाही. कोटिंग दिसायला देखणं, पण कूपन बुडवलं की एका रात्रीत कुठून तरी बुडबुड्यांची माळ सुरू. सगळीकडून नव्हे, एखाद्या ठिपक्यातून. सकाळी बघावं तर बाकी पृष्ठभाग जसाच्या तसा आणि एका जागी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा, भोवती पांढरी पूड. कोटिंग नसलेलं कूपन निदान सारखं झिजायचं. कोटिंग केलेलं एकाच जागी खोल खाल्लं जायचं. हा स्क्रू असता तर मानेशीच तुटला असता. मी व्होल्ट बदलले, वेळ बदलला, सिलिकेटच्या जागी फॉस्फेट घेतलं, पीसीएलचे तीन हात दिले. माझे गाइड सर म्हणायचे, "पॅरामीटर अजून बघू." पॅरामीटर बघण्यात पावसाळा गेला.

दिवाळीनंतर मामा कुणाच्या तरी लग्नाला पुण्यात आला आणि म्हणाला, तुझी लॅब दाखव. मी कंटाळले होते, म्हटलं चल. दारातच सोडियम सिलिकेटचा कॅन बघून तो थांबला. "ह्ये तर फाउंड्रीतलं. कोअरच्या वाळूला घालत्यात त्यो." खरं आहे, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वाळूचे कोअर याच काचपाण्याने घट्ट करतात. माझ्या चेहऱ्यावरची ओळख त्याला आवडली असावी. मग त्याला मायक्रो-आर्क चालू करून दाखवलं. ठिणग्या धावू लागल्यावर तो दोन पावलं मागे गेला आणि मग हसायला लागला.

"आमच्यात ठिणगी पडली की रेक्टिफायर बंद करून बोंबलत पळतो. तुमच्यात ठिणगीचाच धंदा."

मी त्याला फसलेली कूपनं दाखवली. जवळजवळ चाळीस, छोट्या पिशव्यांत, तारखा घातलेली. त्याने पिशव्या टेबलावर ओतल्या नाहीत; एकेक उघडून, बघून, परत बंद करून बाजूला ठेवली. थोड्या वेळाने टेबलावर तीन ढीग झाले होते. पहिल्या ढिगातल्या कूपनांचा खड्डा कडेला होता. "बर काढलीस काय?" कापताना कडेला जी धारदार कोर राहते ती बर. मी पृष्ठभाग आरशासारखा घासायचे, पण कडा तशाच करकरीत चौकोनी. "टोकाला करंट धावतो आणि कोटिंग धरत न्हाई. कड गोल कर." दुसऱ्या ढिगातली तार बांधलेल्या जागेपाशी गेलेली. "टांगल्याल्या ठिकाणी डाग ऱ्हाणारच. डाग कुठं ठेवायचा त्ये तू ठरव, तारंला ठरवू देऊ नको." हे मला माहीत असायला हवं होतं. माहीतही होतं, पुस्तकातलं.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा. खड्डा मधेच, कुठेही. तो भिंग मागून बराच वेळ बघत बसला. मग उठून घासायच्या चाकांपाशी गेला. तीन चाकं, त्यांवर एमरी पेपर, ४००, ८००, १२००. त्याने ८०० च्या पेपरावरून बोट फिरवलं आणि बोट माझ्या समोर धरलं. काळसर.

"ह्याच्यावर लोखंड घासत्यात व्हय?"

घासायचे. शेजारच्या गटातला एक मुलगा माइल्ड स्टीलचे तुकडे घासायचा, आणि पेपर महाग म्हणून आम्ही निम्मा झिजलेला पेपर एकमेकांना द्यायचो. मामाच्या शॉपमध्ये लोखंडाचा बफ आणि अ‍ॅल्युमिनियमचा बफ वेगळ्या खुंट्यांवर टांगलेले असतात आणि चुकून अदलाबदल झाली तर त्या दिवशीचा पोरगा शिव्या खातो. अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडाचा कण रुतला तर अ‍ॅनोडायझिंगला तिथे काळा डाग उठतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. शिव्यांसकट.

पुढच्या आठवड्यात ईडीएसवर, म्हणजे मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर, तीन खड्ड्यांचा तळ तपासला. दोन ठिकाणी लोखंड सापडलं. मॅग्नेशियमला लोखंडाचा तिटकारा किती, याचे आकडे जुने आहेत: ओतीव शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंड दहा लाखांत १७० भागांच्या पुढे गेलं की गंजण्याचा वेग एकदम कितीतरी पटींनी वाढतो. कारण दोन्ही धातू खाऱ्या पाण्यात शेजारी आले की त्यांची बॅटरी होते. लोखंडाच्या कणावर हायड्रोजन मोकळेपणाने सुटतो आणि किंमत मॅग्नेशियम मोजतं. मी त्या बॅटऱ्या स्वतःच्या हाताने घासून बसवत होते, आणि वर त्यांना सुंदर कोटिंग करत होते.

त्या रात्री मी अल्बाँ लांबोत यांची गोष्ट परत काढून वाचली. हे बेल्जियमचे शल्यविशारद. मॅग्नेशियम शरीरात वापरायची कल्पना त्यांच्याही आधीची. एडवर्ड ह्यूस नावाच्या डॉक्टरने १८७८ मध्ये मॅग्नेशियमच्या तारेने रक्तवाहिन्या बांधल्या होत्या. लांबोत यांनी १९०६ मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाच्या पायाच्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली. पट्टी मॅग्नेशियमची, पण ती आवळणारं सामान पोलादाचं. दुसऱ्याच दिवशी कातडीखाली वायू धरला, पाय सुजला, दुखू लागला. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले, काढावी लागली. पहिल्या वर्षी मी हे परिचयाच्या प्रकरणात दोन ओळींत लिहून टाकलं होतं, वर 'त्या काळी ज्ञान अपुरं होतं' असा शेराही मारला होता. तो शेरा मी खोडला. लांबोत यांनी आणि त्यांचे सहायक झाँ व्हेरब्रुग यांनी पुढे मॅग्नेशियमबरोबर दुसरा धातू न मिसळता तेच काम केलं आणि ते बरंच साधलं.

मीही तेच केलं. स्वतःचे पेपर, स्वतःच्या कुलुपात. घासताना पाण्याऐवजी अल्कोहोल. कडा हाताने गोल, तारेच्या जागी कूपनच्या कडेत बारीक आटे पाडून अ‍ॅल्युमिनियमची सळई, आणि नंतर ती जागा इपॉक्सीने बंद. कोटिंग जुनंच. पॅरामीटर जुनेच.

पहिल्या आठवड्यात ब्युरेट हललं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी ब्युरेट गळतंय का ते तपासलं. महिना संपला तेव्हा टोकाशी जेमतेम काही थेंबांची जागा रिकामी झाली होती, आणि त्यात खोलीच्या तापमानाचा वाटा किती हा प्रश्नच होता. मी सरांकडे आलेख घेऊन गेले. सरळ आडवी रेघ. त्यांनी आलेख बघितला, कूपन चिमट्यात धरून बघितलं, आणि म्हणाले, "छान आहे. पण मग टायटॅनियम काय वाईट होतं?"

मला राग आला. आठ महिने झिजून मी न हलणारं कोटिंग केलं होतं. वसतिगृहात परत येताना राग उतरत गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. कारण सर बरोबर होते. हाड जुळायला साधारण बारा आठवडे धरतात. तोवर पट्टीत जोर हवा. त्यानंतर पट्टी ओझं असते. माझं कोटिंग बारा आठवड्यांनी काय करणार होतं याचा मी विचारच केला नव्हता. मी मामाच्या शॉपमधलं कोटिंग करत होते, ज्यात सुटलेला थर म्हणजे परत आलेला माल आणि गिऱ्हाइकाचा फोन. इथे थर सुटायलाच हवा. फक्त वेळेवर, आणि एका जागी नव्हे, सगळीकडून.

पुढचं वर्ष कोटिंग बिघडवण्यात गेलं. हे चांगलं करण्याहून कितीतरी अवघड निघालं. दहा मिनिटांचा मायक्रो-आर्क चारवर आणला. पीसीएल जाड ठेवला तर वेगळंच होई: आतून सुटलेला थोडासा हायड्रोजन बाहेर पडायला वाट नसल्यामुळे प्लास्टिकखाली साचे आणि थराला फोड येत, तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म. फोड फुटला की तिथून सगळं उघडं. पातळ ठेवला तर वायू विवरांतून, प्लास्टिकमधून सावकाश झिरपून जाई. ज्या भोकांना मी इतके महिने शिव्या घातल्या तीच आता कामाची होती. बुजवायची, पण पुरती नाही. किती, याला पुस्तकात आकडा नव्हता. दर आठवड्याला सहा कूपनं टांगायची आणि बघायचं. ठरल्या दिवशी कूपन बाहेर काढून त्यावरची पूड क्रोमिक अ‍ॅसिडने धुवायची, उरलेला धातू तोलायचा. त्या अ‍ॅसिडमध्ये थोडं सिल्व्हर नायट्रेट घालतात. ते पुडीतला क्लोराइड पकडून ठेवतं, आणि अ‍ॅसिड गंज नेतं पण मॅग्नेशियमला हात लावत नाही. मामाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, क्रोमिकचा वास अजून माझ्या नाकात आहे, तू खिडकी उघडून कर.

तो फोन आता नेमाने यायचा. "किती दिवस धरलं?" एवढाच प्रश्न. एकदा त्याने विचारलं, "मग माणसाच्या अंगात किती दिवस धरंल?" मी सांगितलं, मामा, बीकर आणि अंग यांचं जमत नाही. फ्रँक विट्टे यांच्या गटाने २००६ मध्ये मॅग्नेशियमचे दोन मिश्रधातू खाऱ्या द्रवातही तपासले आणि गिनीपिगच्या मांडीच्या हाडातही. हाडात झिजण्याचा वेग द्रवातल्या वेगाच्या हजारो पटींनी कमी निघाला. तेही एक वेळ चालेल. पण द्रवात जो चांगला ठरला तो हाडात वाईट ठरला, क्रमच उलटा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "म्हंजी तू परीक्षा घेतीस ती कुणाची?" याचं उत्तर मी प्रबंधात चार पानं दिलंय. मामाला एका वाक्यात देता आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला गेले तेव्हा उरलेली काही कूपनं बरोबर होती. एक मी आईच्या डब्यात टाकलं, सोनेरी पट्टीशेजारी. एक मामाने मागून घेतलं. शॉपमध्ये लक्ष्मीच्या फोटोखालच्या फळीवर त्याने काचेची बरणी ठेवली, मेडिकलमधून सलाइनची बाटली आणून तीत ओतली आणि कूपन नायलॉनच्या दोऱ्याने सोडलं. कड गोल आहे ना हे आधी बोटाने बघून घेतलं. मी म्हटलं, सलाइन फार कडक पडेल, त्यात नुसतं मीठ असतं, शरीरातलं फॉस्फेट वगैरे काही नसतं जे थोडा आडोसा करतं. "असू दे," तो म्हणाला. "आमच्यात पण सॉल्ट स्प्रेलाच माल टाकत्यात." सुट्टीच्या दिवशी तो सलाइन बदलायचा. टाक्यांवर काम करणाऱ्या पोरांना त्याने बरणीला हात लावायचा नाही असं बजावून ठेवलं होतं, आणि ती पोरं मग येता-जाता तिच्यात वाकून बघायची.

फोन सकाळी साडेसातला आला. मी लॅबमध्ये ब्युरेटचा आकडाच लिहीत होते.

"अगं, चालू झालं."

"काय चालू झालं?"

"बुडबुडं. बारीक बारीक. आत्ता अगरबत्ती लावताना बघिटलं." चाळीस वर्षं कोटिंग सुटल्याचा फोन आला की ज्याचं तोंड उतरायचं, तो माणूस लग्नाची बातमी सांगावी तसा बोलत होता. मागे रेक्टिफायरचा आवाज येत होता.

"कडेला आहेत की तारेपाशी, दोऱ्यापाशी?"

"थांब." चप्पल घासत गेल्याचा आवाज, मग बरणी फळीवरून सरकवल्याचा. पोरांतल्या कुणाला तरी तो म्हणाला, दिवा इकडं धर.

"कडंला न्हाई," तो म्हणाला. "सगळ्या अंगावरनं येत्यात."

मी वहीत तारीख घातली आणि समोर लिहिलं: मामाची बरणी, दिवस २६.